महामारी व शासनस्थैर्य (नंदुरबार जिल्हा)

साथीच्या रोगामुळे सरहद्दी, अन्नपुरवठा, कायदा-सुव्यवस्था आणि निवडणुका यांवर एकदम ताण येतो, तेव्हा तो केवळ आरोग्यखात्याचा प्रश्न राहत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने सप्टेंबर 2014मध्ये पश्चिम आफ्रिकेतील इबोलाची साथ हा जागतिक शांतता व सुरक्षेला धोका असल्याचे ठरवले. महाराष्ट्रापुरते पाहिले, तर 2020-21च्या कोविड काळातील नंदुरबारचा अनुभव सर्वांत बोलका आहे.

1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा गुजरात व मध्य प्रदेशाला लागून आहे. 2011च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 16.5 लाख; त्यांत सुमारे 69 टक्के आदिवासी. सातपुड्यातले भिल्ल, पावरा मजूर दरसाल ऊसतोड आणि बांधकामाच्या कामाला गुजरातेत जातात. नवापूर रेल्वेस्थानकातूनच राज्याची हद्द जाते, एकाच फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात तर काही गुजरातेत. मार्च 2020मध्ये टाळेबंदी झाली आणि अशा हद्दीवर नाकेबंदी करायची वेळ आली. पलीकडे अडकलेले लोक याच जिल्ह्याचे होते. त्यांना परत आणणे, तपासणे, विलगीकरणात ठेवणे आणि रेशन पोचवणे या कामांत महसूल, पोलीस व आरोग्य या तिन्ही खात्यांना एकत्र राबावे लागले. नवापूरला साथीची नाकेबंदी नवी नव्हती. फेब्रुवारी 2006मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथल्याच पोल्ट्रींमध्ये सापडला होता. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि तालुक्याच्या अर्थकारणाचा कणाच मोडला. फेब्रुवारी 2021मध्ये कोविड चालू असतानाच ते संकट पुन्हा आले.

साथ आवरण्याचे अधिकार शासनाला दोन कायद्यांनी मिळतात : 1897चा साथरोग कायदा आणि 2005चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. पहिला मुंबईच्या प्लेगमधून जन्मला. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँड याने घरझडतीत केलेल्या जुलमाचा सूड चापेकर बंधूंनी घेतला आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. जबरदस्तीने साथ आवरू पाहणाऱ्या सरकारचीच खुर्ची डळमळते, हे महाराष्ट्राला तेव्हाच कळले होते. दुसऱ्या कायद्याने जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष असतो. कागदावर हे अधिकार सर्व जिल्ह्यांना सारखेच होते. फरक पडला तो ते कधी आणि कशासाठी वापरले यामुळे.

त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे, भिल्ल समाजातले आणि स्वतः डॉक्टर. पहिली लाट ओसरत असताना, सप्टेंबर 2020मध्ये, त्यांनी जिल्हा रुग्णालयात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा प्रकल्प उभारला. यात दाबाखालची हवा झिओलाइटच्या टाक्यांतून सोडतात. नायट्रोजन झिओलाइटला चिकटतो आणि सुमारे 93 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन नळीने थेट खाटेपर्यंत जातो. टँकरची वाट पाहावी लागत नाही. 2021च्या सुरुवातीला आणखी प्रकल्प आले व जिल्ह्याची क्षमता मिनिटाला 2000 लिटरच्या वर गेली. नियोजन समितीचा निधी, आपत्ती निधी आणि कंपन्यांचा सामाजिक निधी एकत्र करून पैसा उभा केला. एप्रिल 2021मध्ये जिल्ह्यात रोजचे रुग्ण हजारावर गेले, तेव्हा हवाई दल रिकामे टँकर विमानांतून हलवत होते, रेल्वे विशाखापट्टणमहून ऑक्सिजन एक्सप्रेस आणत होती आणि 21 एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीच्या गळतीने वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याच दिवसांत नंदुरबारमध्ये ऑक्सिजन पुरत होता. गळती आणि नासाडी टाळण्यासाठी प्रत्येक वॉर्डात एका परिचारिकेकडे हेच काम दिले होते. रुग्ण जेवायला उठला, की तिने नॉब बंद करायचा. ‘ऑक्सिजन नर्स’ ही पद्धत पुढे राज्याने इतर जिल्ह्यांनाही सुचवली. नंदुरबार स्थानकावर पश्चिम रेल्वेचे विलगीकरण डबेही उभे होते. रुग्णाला श्वास मिळाला म्हणून शासनावरचा विश्वास टिकला. सुरक्षेचा याहून मोठा पुरावा दाखवता येणार नाही.

डोंगरात मात्र हे पुरेसे नव्हते. धडगाव, मोलगीकडच्या अनेक पाड्यांवर मोबाइलला रेंज नव्हती, आणि लसीची नोंदणी तर ऑनलाइन! सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या नर्मदाकाठच्या गावांना तरंगता दवाखाना आणि बोटीच पोचतात. लस घेतली की माणूस मरतो, ही अफवा तिथे लसीच्या आधी पोचली. ती खोडण्याचे काम आशा, अंगणवाडी सेविका आणि गावचे कारभारी यांनी भिलोरी-पावरीत घरोघर बोलून केले. ज्या गावांच्या वाट्याला सरकार बहुधा विस्थापनाच्या नोटिशीतूनच आले, तिथे हा संशय समजण्यासारखा होता.

राजकीय स्थैर्याचा पेच मुंबईतही पडला. 28 नोव्हेंबर 2019 रोजी शपथ घेतलेले मुख्यमंत्री उद्धव ठाकरे कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. घटनेच्या कलम 164(4)नुसार सहा महिन्यांत निवडून येणे भाग होते, आणि साथीमुळे विधान परिषदेची निवडणूक पुढे ढकललेली. राज्यपालांनी त्यांना परिषदेवर नेमावे, अशी शिफारस मंत्रिमंडळाने एप्रिलमध्ये केली; तिच्यावर निर्णय झाला नाही. अखेर निवडणूक आयोगाने परवानगी दिली आणि मे 2020मध्ये ते बिनविरोध निवडून आले. राज्य साथीशी झुंजत असताना सरकारचे अस्तित्व काही आठवडे टांगणीला लागले होते.

साथीने निवडणुका लांबल्याची झळ नंदुरबारला अधिक काळ बसली. 4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पन्नास टक्क्यांवरचे आरक्षण रद्द केल्याने धुळे, नंदुरबारसह काही जिल्हा परिषदांतील ओबीसी जागा रिकाम्या झाल्या. 19 जुलैला ठरलेल्या पोटनिवडणुका कोविडमुळे स्थगित झाल्या व मतदान 5 ऑक्टोबर 2021 रोजी झाले. दुसऱ्या लाटेचे बहुतेक महिने त्या गटांतून जिल्हा परिषदेत एकही निवडून आलेला माणूस नव्हता.