फिलाडेल्फियाची मेन लाइन आणि तिची स्टेशने

आपल्या समाजातील जी कुटुंबे अमेरिकेत येऊन स्थायिक झाली, त्यांपैकी पुष्कळांनी येथे घर पाहताना पहिला प्रश्न मुंबईच्याच सवयीने विचारला : स्टेशन किती लांब? ठाणे, कुर्ला, भायखळा या भागांत वाढलेल्या माणसाला दुसरा प्रश्न सुचत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली आणि पुढे गाडीच्या रस्त्याने वस्ती वाढली. ठाण्याचे आपले शाआर हाशामाईम सिनेगॉग १८७९ सालचे, म्हणजे स्टेशनच्या मागून सव्वीस वर्षांनी आलेले. अलिबागला मात्र प्रवासी गाडी अद्याप जात नाही. तिकडून मुंबईस निघालेले आपले वाडवडील मचव्यात बसूनच आले.

पण स्टेशन अमुक जागी व्हावे हे ठरवतो कोण आणि काय पाहून? याचा उलगडा फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिमेस पेओलीपर्यंत गेलेल्या वीस मैलांच्या मार्गावर चांगला होतो. या मार्गाला आणि त्याच्या काठच्या गावांना सर्वजण ‘मेन लाइन’ म्हणतात. हे नाव रेल्वे कंपनीने दिलेले नाही. पेनसिल्व्हेनिया राज्याने सरकारी पैशाने फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गपर्यंत कालवे व लोहमार्ग यांची जी साखळी बांधली, तिचे ते नाव. तिच्यातला फिलाडेल्फिया ते कोलंबिया हा लोहमार्ग १८३४ साली पुरा झाला आणि आरंभी त्यावर घोडेही गाड्या ओढीत. १८५७ साली पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीने ही सारी मालमत्ता ७५ लाख डॉलरना विकत घेतली.

जुना मार्ग फार वळणांचा होता. तो सरळ करण्याचे काम १८६० नंतरच्या दशकात हम्फ्रीजव्हिल नावाच्या खेड्याजवळ आले. रुळांपुरती पट्टी द्यायला शेतकरी तयार होईनात, म्हणून कंपनीने अख्खी शेतेच घेतली, असे सांगतात. कारण काहीही असो, कंपनीच्या हाती अडीचशे एकरांहून अधिक जमीन आली. १८६९ साली तिने खेड्याचे नाव बदलून ‘ब्रिन मॉर’ ठेवले. वेल्श भाषेत याचा अर्थ मोठी टेकडी. मग नवे स्टेशन बांधले, उन्हाळ्यात राहायला येणाऱ्यांसाठी हॉटेल उभारले आणि जमिनीचे प्लॉट पाडून विकले. विक्रीच्या अटी अशा की घर अमुक किमतीपेक्षा स्वस्त बांधायचे नाही, रस्त्यापासून इतके फूट आत बांधायचे आणि दुकान वा कारखाना काढायचा नाही. म्हणजे स्टेशनात कोण उतरणार हे रूळ टाकणाऱ्यांनीच खरेदीखतात लिहून ठेवले! आमच्या मते या मार्गाच्या इतिहासातला हाच मुख्य दस्तऐवज होय.

नावांचा हव्यास पुढेही चालू राहिला. अथेन्सव्हिलचे १८७३ साली आर्डमोर झाले. आर्डमोर हे नाव आयर्लंडचे, परंतु कानाला ते वेल्श नावांच्या पंक्तीत शोभले, तेवढे पुरे. ओव्हरब्रूक, मेरियन, नारबर्थ, विनवुड, आर्डमोर, हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉर ही सात स्टेशने पाठ राहावीत म्हणून तेथील लोकांनी त्यांच्या आद्याक्षरांचे एक वाक्य जुळवले आहे. ते वयस्क कुमारिकांची थट्टा करणारे असल्यामुळे आम्ही येथे देत नाही.

ही सात स्टेशने पावणेपाच मैलांत आहेत. चर्चगेट ते मरीन लाइन्स जेवढे अंतर, साधारण तेवढेच दोन स्टेशनांत. वाफेच्या इंजिनाला हे मुळीच सोयीचे नव्हते. प्रत्येक थांब्याला वेग मोडायचा, पुन्हा कोळसा जाळून तो मिळवायचा, आणि स्टेशन चढावर असेल तर सुरुवातच जड. केवळ गाडीचा विचार केला असता तर अशी जवळजवळ स्टेशने कोणी केली नसती. पण पायी किंवा बग्गीने स्टेशन गाठता येईल अशाच जागेला भाव येत होता. कंपनीचे बडे अधिकारीही या मार्गावरच राहू लागले. १८९९ ते १९०६ या काळात अध्यक्ष असलेले अलेक्झांडर कॅसॅट यांचे घर हॅवरफर्डला होते.

बंगल्यांतील धुणीभांडी, बागा व घोडे सांभाळणारी माणसेही कोठेतरी राहणारच. आर्डमोरला दुकाने होती आणि आयरिश व कृष्णवर्णी कष्टकऱ्यांची वस्ती होती. नारबर्थला प्लॉट लहान पडले आणि मध्यम स्थितीतील लोकांना घरे घेता आली. अमेरिकेतील कित्येक उपनगरांत खरेदीखतांत यहुदी व कृष्णवर्णी लोकांना घर न विकण्याच्या अटी असत. वंशावरून घातलेल्या अशा अटी कोर्टाने अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. आज मेरियन व बाला किनविड या बाजूस शब्बाथ पाळणाऱ्या यहुदी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांना घर निवडताना दोन अंतरे मोजावी लागतात, सहा दिवस स्टेशनचे आणि सातव्या दिवशी सिनेगॉगचे.

सप्टेंबर १९१५ मध्ये पेओलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. मुंबईच्या १९२५ सालच्या पहिल्या विजेच्या गाडीआधी दहा वर्षे. शहरातील ब्रॉड स्ट्रीट स्टेशनात इंजिने फिरवताना खोळंबा होई, तो टाळणे हा मुख्य हेतू. परंतु जवळजवळच्या स्टेशनांचेही त्यामुळे निभावले, कारण विजेची गाडी थांबून झटकन वेग घेते.

कंपनी मात्र टिकली नाही. १९६८ साली तिचे दुसऱ्या कंपनीत विलीनीकरण झाले, १९७० साली त्या जोड कंपनीचे दिवाळे निघाले आणि १९८३ साली उपनगरी गाड्या सेप्टा या सार्वजनिक संस्थेने चालवावयास घेतल्या. तोवर कामधंदा स्टेशनांपासून दूर गेला होता. हमरस्ते जेथे मिळतात त्या किंग ऑफ प्रशियाला प्रचंड बाजारसंकुल व कचेऱ्या उभ्या राहिल्या, पण तेथे गाडी नाही. नॉरिसटाउनच्या मार्गाला चार मैलांचा फाटा काढून पाच स्टेशने करण्याची योजना वर्षानुवर्षे चर्चेत होती. स्टेशन आपल्याच घरामागे का, म्हणून रहिवासी भांडले. शेवटी खर्चाचा अंदाज तीन अब्ज डॉलरवर गेला आणि मार्च २०२३ मध्ये सेप्टाने ती सोडून दिली. ज्या कारकुनाला वा सफाई करणाऱ्या बाईला मोटार परवडत नाही, तिने तेथे बसनेच जायचे.

२०२५ साली पैसे अपुरे पडले तेव्हा सेप्टाने पाच उपनगरी मार्ग बंद करण्याचा आराखडा पुढे ठेवला आणि त्यांत पेओलीचाही मार्ग होता. सप्टेंबरात राज्याने बांधकामासाठी राखलेला निधी दोन वर्षे चालू खर्चाकडे वळवण्यास परवानगी दिली, तेव्हा त्या वेळेपुरते ते संकट टळले.