चाकरी सुटलेलीं माणसें

आपल्या समाजानें मृत्यूच्या दुःखाला मुदत घालून दिली आहे. दहावा झाला, तेरावा झाला, आप्तांनीं दुखवट्याचीं वस्त्रें दिलीं, कीं घरचा कर्ता पुरुष पुन्हां कामाला लागतो. दुःख संपलेलें नसतें. पण तें कोठें ठेवावयाचें हें त्याला कळतें. चाकरी सुटलेल्या माणसाला असा तेरावा नाहीं. त्याच्या घरीं कोणी भेटावयास येत नाहीं, आणि आलेंच तर तो विषय काढीत नाहीं. हें मला सुचलें तें ग्रंथ वाचून नव्हे, तारापूरच्या किल्ल्यापाशीं.

पालघरास इतिहास शिकवीत मला पंचवीसांहून अधिक वर्षें झालीं. हा किल्ला दाखविण्यास मी दरवर्षीं मुलांना नेतों. दोन वर्षांपूर्वीं अशाच एका सकाळीं तटाच्या सावलींत माझा एक जुना विद्यार्थी बसलेला दिसला. जवळ डब्याची पिशवी, पायांत कारखान्याचे बूट. बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत तो अकरा वर्षें कामाला होता. मीं सहज विचारलें, "आज सुटी वाटतें?" तो म्हणाला, "तीन महिने झाले, सर. घरीं अजून सांगितलें नाहीं." रोज सकाळच्या गाडीनें बोईसर, तेथून रिक्षानें तारापूर, दुपारीं तटाखालीं डबा खावयाचा, आणि पाळी सुटण्याच्या सुमारास घरची वाट धरावयाची. तो ठेकेदाराकडचा कामगार होता. एके दिवशीं फाटकावरच्या यंत्रानें त्याचें कार्ड घेतलें नाहीं. ठेकेदार म्हणाला, काम निघालें कीं कळवितों. पत्र नाहीं, तारीख नाहीं. "म्हणजे मला काढलें कीं नाहीं, तेंच कळत नाहीं," तो म्हणाला.

ज्या तटाखालीं तो बसला होता त्याचा इतिहास सांगावयाचा म्हणजे १७३९ चा जानेवारी महिना सांगावयाचा. चिमाजी आप्पांच्या फौजेनें सुरुंग लावून पोर्तुगीजांचा हा किल्ला घेतला. बाजी भिवराव रेठरेकर येथेंच पडले. पुढें १८०३ मध्यें पेशव्यांनीं हा किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थांस शंभर वर्षांच्या मुदतीनें इनाम दिला. जिंकल्याची तारीख आहे, इनामाची मुदत आहे, पडलेल्या वीराचें नांव आहे. अशा किल्ल्यांवर पहारा करणाऱ्या शिबंदीला शेवटचा पगार कोणत्या दिवशीं मिळाला, हें मात्र मीं वर्गांत कधीं सांगितलेलें नाहीं, आणि कोणा मुलानें विचारलेलेंहि नाहीं.

पेशवाई बुडाली तेव्हां महाराष्ट्रांत जें झालें, ती आजच्या भाषेंत एक प्रचंड छाटणीच होती. ११ फेब्रुवारी १८१८ च्या जाहीरनाम्यांत एल्फिन्स्टननें वतनें, इनामें, वर्षासनें चालविण्याचें अभिवचन दिलें. तो धोरणी मुत्सद्दी होता. अन्नाबरोबर अब्रूहि जाते आणि अब्रू गेलेला मनुष्य स्वस्थ बसत नाहीं, हें तो जाणून होता. पण अभिवचन होतें तें ज्यांच्यापाशीं सनद होती त्यांना. गडावरचा साधा शिपाई, शिलेदाराचा बारगीर, कचेरींतला उमेदवार कारकून यांच्या हातीं कसला कागद? कोल्हापूर राज्यांत गडकऱ्यांच्या वंशपरंपरेच्या चाकरीला व जमिनींना हात लागला, तेव्हां १८४४ मध्यें सामानगडचे गडकरी बंड करून उठले. इतिहासाला ते दिसतात, कारण त्यांनीं शस्त्र धरलें. जे माना खालीं घालून घरांत बसले ते दप्तरांत सांपडत नाहींत. आणि तेच संख्येनें अधिक असावेत असा माझा तर्क आहे.

बाजीरावाबरोबर गेलेल्यांची कथा तर अधिकच करुण आहे. ३ जून १८१८ रोजीं तो माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लक्ष रुपयांच्या नेमणुकीवर गंगाकांठीं बिठुरास जाऊन राहिला. त्याच्यामागून गेलेल्या कुटुंबांनीं तेथें एक लहानसें पुणें उभें केलें. २८ जानेवारी १८५१ रोजीं बाजीराव वारला. नेमणूक बंद झाली. नानासाहेबांचा हक्क कंपनीनें मानला नाहीं. त्या मंडळींची चाकरी वास्तविक १८१८ सालींच संपली होती. तें त्यांना कळावयास बत्तीस वर्षें लागलीं. या पोकळ दरबाराविषयीं मी वर्गांत पूर्वी थट्टेनें बोलत असें. आतां बोलत नाहीं.

आपल्या आठवणींतला प्रसंग पाहावयाचा तर १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगारांनीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुरू केलेला संप. लाखाहून अधिक माणसें पुन्हां सांच्यावर गेलीं नाहींत. संपाच्या राजकारणाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; मला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. हा संप मागें घेतल्याचें रीतसर कधीं जाहीरच झालें नाहीं. कोंकणांत, घाटावर गेलेले कामगार 'संप मिटला कीं येऊं' म्हणून गेले. मग १९९७ च्या जानेवारींत सामंतांचा खून झाला, गिरण्यांच्या जागीं मनोरे उठले, पण 'आतां संपलें' असें कोणी कोणाला सांगितलें नाहीं. पुढें गिरणी कामगारांना घरें देण्याची योजना निघाली आणि २०१२ मध्यें पहिली सोडत झाली, तेव्हां सुमारें दीड लक्ष अर्ज आले. कोणी म्हणतील, मुंबईंतल्या घराचा मोह. असेलहि. पण अर्जाबरोबर गिरणींत काम केल्याचा पुरावा जोडावयाचा होता. तिकीट नंबर, हजेरीचें कार्ड, पगाराची चिठी, असे ट्रंकेच्या तळाचे कागद म्हाताऱ्यांनीं बाहेर काढले. 'मी तेथें होतों' हें सरकारदरबारीं सांगण्याची संधि त्यांना तीस वर्षांनीं मिळाली.

ही अवस्था कांहीं आपल्याच लोकांची नव्हे. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नांवाचें एक गांव आहे. तेथील गिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली व बहुतेक सारें गांव बेकार झालें. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल या संशोधकांनीं त्या गांवाचा अभ्यास करून १९३३ मध्यें तो प्रसिद्ध केला. रस्त्यानें जाणारांची चाल त्यांनीं घड्याळ लावून मोजली. पुरुष हळू चालत, मध्येंच थांबत. बायका भराभर जात. कारण उघड आहे. पगार दोघांचाहि गेला होता, पण बायकांची चूल सुटली नव्हती. वाचनालयाची फी माफ झाली, तरी पुस्तकें नेण्याचें प्रमाण निम्म्यावर आलें. फुरसत मिळाली कीं मनुष्य वाचन-मनन करील असें मानणाऱ्या आम्हां प्राध्यापकांस हें झोंबावयास हवें. वेळ पुष्कळ होता, पण त्याला आकार नव्हता.

हें ध्यानांत आल्यावर त्या विद्यार्थ्याचें रोजचें सोंग मला निराळें दिसूं लागलें. प्रथम मला ती आईची फसवणूक वाटली होती. खरें तर सकाळची गाडी आणि दुपारचा डबा एवढेंच त्याच्या दिवसाचें राहिलें होतें, आणि तें तो नेटानें सांभाळीत होता. १९५३ सालीं औद्योगिक कलहाच्या कायद्यांत छाटणीसाठीं नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षामागें पंधरा दिवसांचा पगार अशी तरतूद झाली. रक्कम थोडी म्हणा, पण नोटिशीवर तारीख असते! ठेकेदाराच्या माणसाला बहुधा तेवढेंहि मिळत नाहीं.

घरीं सांगण्यासाठीं मी त्याच्याबरोबर गेलों. त्याच्या आईनें शांतपणें ऐकून घेतलें. म्हणाली, "मला कधींच कळलं होतं, सर. डब्याच्या पिशवींतून रोज वाळू निघायची. म्हटलं, तो सांगेल तेव्हां सांगेल." मग आम्हीं दोघांनीं बसून अर्ज लिहिला: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केलें, त्याचा दाखला मिळावा. दुसऱ्या तारखेपाशीं बराच वेळ अडलों. शेवटीं, यंत्रानें ज्या दिवशीं कार्ड घेतलें नाहीं तो दिवस त्यानें स्वतःच्या हातानें लिहिला. दाखला अद्याप आलेला नाहीं. तो सध्यां पालघरास एका दुकानांत हिशेब लिहितो.