टिंब आणि चौकट

नोव्हेंबर २०१३ मध्ये ॲपलच्या आयबुक्स या वाचनाच्या ॲपमधलं लाकडी कपाट नाहीसं झालं. २०१० साली आयपॅडबरोबर हे ॲप आलं तेव्हापासून त्यातली पुस्तकं लाकडी फळ्यांवर मांडलेली दिसायची. पुस्तक उघडलं की दोन्ही बाजूंना पानांच्या थप्पीच्या कडा दिसायच्या. अपडेट आलं आणि फळ्या गेल्या. उरली ती मोकळी पांढरी जागा आणि त्यावर मुखपृष्ठं.

हे एकाच ॲपचं नव्हतं. आधीच्या स्क्रीनवर खऱ्या वस्तूंची नक्कल असायची: कॅलेंडरला शिवलेलं चामडं, नोंदवहीला पिवळा रेघांचा कागद, बटणाला उंचवटा आणि सावली. याला स्क्युओमॉर्फिझम म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०१०च्या विंडोज फोनमध्ये आणि २०१२च्या विंडोज ८ मध्ये हे सगळं काढून सपाट रंगीत चौकोन आणले. ॲपलने जून २०१३ मध्ये आयओएस ७ दाखवताना स्वतःच्याच जुन्या चामड्याची आणि लाकडाची स्टेजवरून थट्टा केली. पुढच्या वर्षी गूगलचं मटेरियल डिझाइन आलं. तोवर सपाट म्हणजे आधुनिक हे ठरून गेलं होतं.

वापरणाऱ्यांचं मात्र एकमत नव्हतं. काहींना मोकळं, स्वच्छ वाटलं. बाकीच्यांची तक्रार होती की अक्षरं फार बारीक झाली, सगळं पांढरं पांढरं झालं आणि बटण कुठलं, नुसता मजकूर कुठला हेच कळत नाही. मार्च २०१४ मध्ये आयओएस ७.१ आलं, तेव्हा सेटिंगमध्ये बटणांना आकार दाखवण्याचा एक पर्याय गुपचूप येऊन बसला होता.

मी तेव्हा दिंडोरीत दहावीला होतो. आयपॅड हातात घेतलेला नव्हता. या भांडणाशी माझा संबंध आला तो आठ-नऊ वर्षांनी, पुण्यात, आणि तेव्हा मी फळ्या काढणाऱ्यांच्या बाजूला होतो.

आमच्या कंपनीचं मराठी पुस्तकांचं आणि पोथ्यांचं ॲप होतं. जुन्या रूपात पिवळसर कागद होता, पानांची जाडी दाखवणारी कड होती आणि खाली ‘पुढील अध्याय’ असं चौकटीतलं उठावदार बटण होतं. नव्या रूपात पार्श्वभूमी पांढरी झाली, कड गेली आणि बटणाच्या जागी राखाडी रंगात नुसते दोन शब्द आले. स्क्रीनला स्पर्श केला नाही तर तीन सेकंदांनी तेही दिसेनासे व्हायचे. चौकट काढणारी ओळ मी लिहिली होती. अपडेट गेलं आणि एक-एक तारे पडू लागले. बहुतेकांचा सूर एकच होता, ‘जुनं परत द्या.’ आम्ही मीटिंगमध्ये ते वाचून हसलो. महिनाभरात सवय होईल, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मीही होतो.

त्याच आठवड्यात दिंडोरीहून आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा फोन आला. त्यांचं गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण चालू होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पोथीतली अक्षरं त्यांना लागत नाहीत, म्हणून हे ॲप मीच त्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं होतं आणि अक्षरं मोठी करून दिली होती.

‘‘अरे, चौथा दिवस आहे. तिसावा अध्याय झाला. पुढचा लागतच नाही. काय झालंय फोनला?’’

‘‘आबा, खाली बघा. ‘पुढील अध्याय’ लिहिलंय ना, त्यावर बोट ठेवा.’’

‘‘लिहिलेलं दिसत नाही. आत्ता होतं, गेलं बघ. आणि ते बटण आहे हे मला कसं कळावं?’’

पारायण मध्येच थांबवायचं नसतं. शेवटी शेजारच्या मुलाला बोलावून त्यांनी तो दिवस पुरा केला. मला रागावले नाहीत. ते ॲप कुणी बदललं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

त्यानंतर मला एक प्रश्न सतावू लागला. वाचणाऱ्यांच्या हातातलं पान असं बदलण्याची मराठीत ही काही पहिली वेळ नसणार. आधीच्या वेळी लोक काय म्हणाले होते? आणि कोण बरोबर ठरलं? शोधायला लागलो तेव्हा तीन गोष्टी हाती लागल्या. तिन्हींचं उत्तर वेगवेगळं निघालं.

पहिली गोष्ट छपाईची. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. छापील कागदाला लोकांचा विरोध होता. शाईत चरबी असते, मग धर्माचा ग्रंथ त्या शाईत कसा वाचायचा? गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३च्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात छापील कागदाला शिवायला कचरणाऱ्या शास्त्रीपंडितांची नोंद केली आहे. म्हणजे छपाई सुरू होऊन तीस वर्षं उलटली तरी तक्रार जिवंत होती. यावर छापखान्यांनी काय केलं? धार्मिक पुस्तकांच्या शाईत चरबीऐवजी तूप वापरलं. गणपत कृष्णाजींच्या छापखान्याची हीच गोष्ट सांगितली जाते. शिवाय पोथ्या छापल्या त्या पोथीसारख्याच: आडव्या, सुट्या पानांच्या. शिळाप्रेसचा एक फायदा असा, की आधी हाताने लिहायचं आणि तेच दगडावर उतरवायचं. त्यामुळे छापील अक्षरसुद्धा लिहिल्यासारखंच दिसायचं. यंत्र नवं, रूप जुनं. आयबुक्सचं लाकडी कपाट तरी दुसरं काय होतं? आजही दुकानात मिळणारी पोथी अनेकदा आडवी असते. तो आकार ताडपत्राच्या काळापासून चालत आला आहे. आताच्या कागदाला त्याची काही गरज नाही.

इथे तक्रार ऐकली गेली. छपाई मागे घेतली नाही, पण वाचणाऱ्याला नेमकं कुठे खटकतं ते शोधून तेवढं बदललं.

दुसरी गोष्ट आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या भगूरच्या माणसाची. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी लिपीसुधारणेची मोहीम चालवली. देवनागरी छापायला शेकडो खिळे लागत. जुळाऱ्याला ते एकेक उचलून ओळ जुळवावी लागे, आणि टंकलेखन यंत्रावर तर ते मावतच नसत. म्हणून त्यांनी सुचवलं की इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही वेगळी अक्षरं सोडून द्यावीत आणि ‘अ’लाच काना-वेलांट्या लावाव्यात: अि, अी, अु, अू, अे, अै. ओ आणि औ आपण ‘अ’वर मात्रा देऊन लिहितोच, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?

इंजिनीअर म्हणून मला हे डिझाइन फार आवडतं. कमी भाग, एकच नियम, आणि अर्थाचं काडीचंही नुकसान नाही. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ही बाराखडी छापली, वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचाराच्या पुस्तकांतही ती दिसते. तरी ती टिकली नाही. शाळेत आज कुणी ती शिकवत नाही. जुना अंक उघडला की ‘अितिहास’ या शब्दाला डोळा अडखळतो. इथे वाचणाऱ्यांचं काहीही हरवत नव्हतं, फक्त सवय मोडत होती. आणि जिंकली सवय.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जवळची, कारण ती आबांच्या वहीत आहे. आबा द्राक्षबागेचा हिशोब ठेवतात: छाटणी कधी, फवारणी कुठली, मजूर किती. त्या वहीत ते अजून ‘नांव’ लिहितात, ‘पांच’ लिहितात, ‘कांहीं’ लिहितात. लहानपणी मी त्या चुका समजायचो आणि एकदा पेन्सिलीने टिंबं खोडलीही होती. त्या चुका नव्हत्या. आबा शाळेत असताना तसंच शिकवत. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे चौदा नियम सरकारने मान्य केले (१९७२ मध्ये आणखी चार आले) आणि ज्यांचा उच्चार होत नाही ते अनुस्वार गेले. संपूर्ण भाषेचं सपाट रीडिझाइन म्हणावं असं हे काम होतं. पानापानावरून टिंबं पुसली गेली.

यामागे कारण भक्कम होतं. ‘पांच’वरचं टिंब संस्कृतातल्या ‘पञ्च’ची आठवण म्हणून होतं. ज्या घरात आधी कुणी शाळेत गेलं नाही, त्या घरातल्या मुलाने ते कानाने ओळखायचं कसं? ते पाठच करावं लागे, आणि चुकलं की गुण जात. टिंब गेल्याने अशा लाखो मुलांची वाट सोपी झाली. माझीही.

पण सगळी टिंबं आठवणीची नव्हती. काही कामाची होती. ‘तें आलें’ म्हणजे मूल आलं. ‘ते आले’ म्हणजे पाहुणे आले. आज प्रमाण लेखनात दोन्हीकडे ‘ते आले’ असंच लिहायचं आणि मागचं-पुढचं वाक्य बघून ओळखायचं. ‘नांव’ म्हणजे नाव, आणि ‘नाव’ म्हणजे होडी, हा फरकही गेला. गंमत म्हणजे या लेखात मी ‘केलं’, ‘गेलं’ असं बोलीतलं लिहितोय, तिथे टिंब परत आलंय, कारण तिथे ते कानाला ऐकू येतं.

इथे वाचणाऱ्यांचं थोडं खरोखर हरवलं, तरीही बदल टिकला. कारण तो पाठ्यपुस्तकांतून आला. नव्या पिढीला जुनं रूप माहीतच नव्हतं, आणि जुनी पिढी आपापल्या वहीत टिंबं देत राहिली.

तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर मला जे दिसलं ते थोडं अस्वस्थ करणारं आहे. कुठलं डिझाइन टिकतं यावरून वाचणाऱ्याची तक्रार खरी होती की नाही हे कळत नाही. अर्थ न गमावणारी बाराखडी हरली, थोडा अर्थ गमावणारा नियम जिंकला. ‘महिनाभरात सवय होईल’ हे आमचं मीटिंगमधलं वाक्य बहुधा खरंच ठरलं असतं. पण त्यातून काहीच सिद्ध झालं नसतं. माणसाला अडचणीचीही सवय होते.

नीलसन नॉर्मन ग्रुप या संस्थेने २०१७ मध्ये ७१ जणांच्या डोळ्यांची हालचाल टिपून एक चाचणी केली. कुठे क्लिक करायचं हे सांगणाऱ्या खुणा फिक्या असलेल्या पानांवर लोकांना सरासरी २२ टक्के जास्त वेळ लागला. तो वेळ काही वाचनात गेला नाही. तो शोधण्यात गेला. आबांचा तर अख्खा अध्याय अडला.

म्हणून मी ते एक-एक तारे पुन्हा काढून वाचले, या वेळी न हसता. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: या माणसाला काल करता येत होतं आणि आज करता येत नाही, असं काय आहे? पिवळ्या कागदाबद्दलच्या बहुतेक तक्रारींपुढे उत्तर रिकामं राहिलं. ती सवय होती. बटणाबद्दलच्या तक्रारींपुढे उत्तर होतं. पानांच्या कडेबद्दलही होतं, कारण किती वाचून झालं आणि किती उरलं हे त्यावरून कळायचं. ज्याला आम्ही शोभा समजत होतो, त्यातली निम्मी माहिती होती.

पुढच्या रिलीजमध्ये बटणाची चौकट परत आली. मला दोनच ओळी लिहाव्या लागल्या. वरच्या कोपऱ्यात ‘अध्याय ३१, एकूण ५२’ असं येऊ लागलं. पिवळा कागद आला नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आबांना विचारलं, ‘‘आता लागतंय का नीट? कागद पांढराच आहे, तरी चालतंय ना?’’

‘‘कागदाचं काय घेऊन बसलास? कुठे बोट ठेवायचं ते कळलं म्हणजे झालं.’’

मग मी त्यांना खरं सांगितलं, की चौकट काढली होती ती मीच. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

‘‘आमची टिंबं काढली तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘तू निदान नंतर तरी विचारलंस.’’

मग वही उघडून त्यांनी त्या दिवसाच्या मजुरांची नावं लिहायला घेतली. वर ठळक अक्षरात लिहिलं: ‘नांवें’. दोन्ही टिंबं जागच्या जागी होती.