वरळीहून माणदेशात

गेल्या वर्षी गावच्या घराचं माळवद पाडायचं ठरलं म्हणून आतल्या खोलीतलं सामान बाहेर काढलं. त्यात तात्यांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची, लोखंडी पेटी निघाली. सातबाराचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, एक फुटका चष्मा आणि सुतळीने बांधलेला आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा. सगळी पत्रं माझ्या वडिलांची, लालबागच्या चाळीतून तात्यांना लिहिलेली. साधारण 1977 ते 1981 या काळातली.

मला वाटलं घरच्या गोष्टी असतील. त्या होत्याच, पण चार-पाच ओळींत आटोपलेल्या. "तीर्थरूप तात्यांस शिरसाष्टांग नमस्कार", मुलं बरी आहेत, मनिऑर्डर पोचली का, आणि मग लगेच: "रब्बीची ज्वारी पेरण्यापूर्वी बियाण्याला गंधक चोळावे, किलोला चार ग्रॅम, म्हणजे काणी पडत नाही." पुढच्या पत्रात शेणखत कसं कुजवावं. त्यापुढच्यात मेंढ्यांचे जंत.

आता यात गंमत अशी की अण्णा सतराव्या वर्षी गाव सोडून गिरणीत लागले होते. साच्यावर उभं राहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नांगराला हात लावल्याचं त्यांना स्वतःलाही आठवत नसे. मग हे शहाणपण आलं कुठून?

तिसऱ्या की चौथ्या पत्रात उत्तर सापडलं. "काल टीव्हीवर सांगितले."

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, वरळीहून. दिल्लीनंतरचं देशातलं हे दुसरं केंद्र. (दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 पासून प्रयोग चालू होते. आपले पु. ल. देशपांडे तिथल्या अगदी सुरुवातीच्या निर्मात्यांपैकी एक.) 1972 म्हटलं की मुंबईकराला टीव्ही आठवत असेल, आमच्याकडे मात्र तो आकडा उच्चारला की दुष्काळच आठवतो. तात्या त्या वर्षी खडी फोडायला गेले होते. ज्या वर्षी वरळीला स्टुडिओतले दिवे लागले, त्याच वर्षी आमच्या विहिरीचा तळ दिसला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण आमच्या घरात पुढे तो जुळला.

चाळीत टीव्ही एकच, कोपऱ्यावरच्या खोलीतल्या काकूंकडे. लाकडी खोकं, सरकत्या दाराचं, बघून झालं की दार ओढून त्यावर विणलेला रुमाल टाकायचा. टीव्हीला तेव्हा परवाना लागे आणि तो पोस्टातून काढावा लागे, हे आज पोरांना सांगितलं तर हसतात. चित्र हललं की एकजण गच्चीवर अँटेना फिरवायला, एक जिन्यात आणि एक खोलीत: "आलं का?" "नाय, अजून जरा... गेलं, गेलं!" आणि मधूनच पडद्यावर तो एकच शब्द, "व्यत्यय". मी हा शब्द शाळेत शिकण्याआधी टीव्हीवर शिकलो.

कार्यक्रम संध्याकाळचे काही तासच असत, पण त्या काही तासांत काय काय कोंबलेलं असे! पोरांसाठी मराठीत 'किलबिल', गुजरातीत 'संताकुकडी', हिंदीत 'खेल खिलौने', इंग्रजीत 'मॅजिक लॅम्प'. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं'. गिरणी-कारखान्यातल्यांसाठी 'कामगार विश्व'. बायकांसाठी 'सुंदर माझं घर', तरुणांसाठी 'युवदर्शन'. आकाशानंदांचं 'ज्ञानदीप'. साहित्यिकांचं 'प्रतिभा आणि प्रतिमा'. 'गजरा' लागला की खोलीत मुंगी शिरायला जागा नसे, आणि 'चिमणराव' आले की प्रभावळकर आणि बाळ कर्वे बोलायच्या आधीच लोक हसायला लागायचे. मग बातम्या, गुरुवारी 'छायागीत'. अर्थात हे सगळं एकाच दिवशी नव्हे, वार ठरलेले होते. माझ्या आठवणीत मात्र सगळ्यांची मिळून एकच लांबलचक संध्याकाळ झाली आहे.

वाहिनी एकच असल्यामुळे निवडायला काही नव्हतं. 'छायागीत' हवं असेल तर जागा धरायला आधीपासून बसायचं, आणि आधी जे लागेल ते बघायचं. गुजराती न येणारी आम्ही पोरं 'संताकुकडी' बघायचो, काकू मुकाट्याने 'कामगार विश्व' बघायच्या. आणि शेतीचा कार्यक्रम लागला की आम्ही जांभया द्यायचो. लालबागला माती म्हणजे कुंडीतली, तुळशीची!

अण्णा मात्र तेव्हाच यायचे. पहिली पाळी असली तर. आंघोळ करून, केसांतला कापूस झाडून. आत कधी बसत नसत, उंबऱ्याशी उभे राहायचे, दाराच्या चौकटीला खांदा टेकवून. कार्यक्रम संपला की निघून जायचे, 'छायागीत'लासुद्धा थांबत नसत. मला वाटायचं त्यांना गाण्यांचा कंटाळा आहे. ते खोलीत जाऊन पत्र लिहीत होते हे आत्ता कळतंय. दुसरी पाळी आली की पत्रांत खंड पडतो, तारखांवरून ते स्वच्छ दिसतं.

शेतकऱ्यासाठी टीव्ही ही कल्पना मुळात चांगलीच होती. 26 जानेवारी 1967 ला दिल्लीत 'कृषिदर्शन' सुरू झालं ते आसपासच्या 80 खेड्यांत सामूहिक संच ठेवून. विक्रम साराभाईंचा तर आग्रहच होता की टीव्ही आधी खेड्यात न्या. ते 1971 च्या डिसेंबरात गेले, पण त्यांच्या विचारातून 'साइट'चा प्रयोग झाला. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर, अमेरिकेच्या उपग्रहावरून, सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र, कर्नाटक. यादी मी दोनदा वाचली. महाराष्ट्र त्यात नव्हता.

म्हणजे आमच्याकडे काय होतं? वरळीचा मनोरा आणि 1973 पासून सिंहगडावरचं पुनःप्रक्षेपण. माणसारखा दुष्काळी तालुका त्याच्या पलीकडे. ज्याच्यासाठी ज्वारीची माहिती दिली जात होती त्याच्या गावात चित्र येत नव्हतं, आणि जिथे चित्र येत होतं तिथे ज्वारी वाण्याकडून येत होती. कागदावर बघितलं तर मोठाच विनोद. मीही बरीच वर्षं तो विनोद चारचौघांत सांगून हशा मिळवला आहे.

पण मुंबईत बघणारे कोण होते, हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. गिरणगावातली निम्मी-अधिक माणसं सातारा, कोकण, घाटावरची. भाऊ गावाला, जमीन गावाला, मन गावाला. माहिती वरळीहून लालबागला विजेच्या वेगाने यायची आणि पुढे पोस्टाने जायची. चार दिवस उशिरा, पण जायची. आणि हे घडलं ते अण्णांना तो कार्यक्रम टाळता येत नव्हता म्हणून नव्हे, तर आम्हाला टाळता येत नव्हता म्हणून. आम्ही 'छायागीत'साठी संच चालू ठेवायला लावला, म्हणून तो आधीपासून चालू असे. निव्वळ शेतीसाठी काकूंनी दार सरकवलं असतं असं मला वाटत नाही.

तात्यांची उत्तरं आमच्याकडे राहिली नाहीत. एक मात्र आईला तोंडपाठ होतं, कारण ते वाचून अण्णा दोन दिवस गप्प होते: "हिरीला पाणी न्हाई. पाण्याचं काय सांगत्यात का बघ."

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. त्याच वर्षी 15 ऑगस्टला टीव्ही रंगीत झाला, दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, नोव्हेंबरात एशियाड. चाळीत मात्र खोल्यांना कुलपं लागत होती. 1983 च्या उन्हाळ्यात आम्ही गावी परतलो. गावात टीव्ही नव्हता. 1984 मध्ये देशभर भराभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, तरी आमच्या गावात पहिला संच आला तो 'रामायण' चालू असताना, आणि तोही पाटलांकडे.

परतल्यावर पहिली रब्बीची पेरणी. तात्यांनी ज्वारीचं बी पोत्यावर ओतलं, गंधकाची पुडी अण्णांच्या हातात दिली आणि म्हणाले, "तूच लिवलं हुतंस न्हवं? कर आता." अण्णांनी पुडी सोडली, तेवढ्यात वारा आला आणि निम्मा गंधक त्यांच्या डोळ्यांत गेला. तात्या पोट धरून हसले. मग स्वतःच्या धोतराच्या सोग्याने त्यांनी अण्णांचे डोळे पुसले, आणि दोघं भाऊ पोत्याच्या दोन कडांना बसून बी चोळायला लागले.