नकाशे वाचवणारी आज्ञावली

उत्खननाचा एक कठोर नियम आहे. जमिनीचा थर एकदाच वाचता येतो. वाचता वाचताच तो नाहीसा होतो. मागे उरतात त्या नोंदी आणि नकाशे. हे नकाशे संगणकात गेले, तेव्हा नवीच चिंता उद्भवली : ज्या आज्ञावलीने ते रेखाटले तीच बंद पडली, तर ते वाचावयाचे कोणी?

'ग्रास' या आज्ञावलीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९८२ साली अमेरिकी सैन्याच्या इलिनॉय राज्यातील बांधकाम संशोधनशाळेत, सैन्याच्या ताब्यातील जमिनींच्या व्यवस्थेसाठी, तिचे काम सुरू झाले. जमिनीचा उतार, पाण्याची वाट, टेकडीवरून दृष्टीस पडणारा टापू, हे सारे ती काढून देई. भूगर्भशास्त्रज्ञाला आणि जुन्या वसाहतींचा माग घेणाऱ्याला आणखी काय हवे? पण नव्वदच्या दशकात सैन्याने अंग काढून घेतले. ती एखाद्या कंपनीची असती, तर तेथेच संपली असती. सरकारी खर्चाने झाल्यामुळे ती सर्वांची होती. सरकारी कामाचे हे पुण्य क्वचितच कोणी मोजतो! विद्यापीठांतील मंडळींनी ती उचलली. जर्मनीत मार्कुस नेटेलर यांनी पुढाकार घेतला, आणि १९९९ साली तिला मुक्त परवाना लाभला. आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा, असा हा परवाना.

२००२ साली अलास्कात गॅरी शर्मन यांनी 'क्यूजीआयएस' ही दुसरी मुक्त आज्ञावली आरंभिली. ग्रासची साधने आज तिच्यातूनही चालविता येतात; आणि माळावर उभा असलेला सर्वेक्षक खापराच्या तुकड्याची जागा हातातल्या फोनवर टिपून थेट तिच्या नकाशात उतरवितो.