‘स्थिर’ म्हणजे काय?

बडोद्यात एका मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मी जनसंपर्क विभाग सांभाळला. लोकांना वाटायचं, पेपरात बातमी छापून आणणं एवढंच काम. खरं काम शब्दांचं होतं.

डॉक्टर म्हणत, ‘पेशंट स्टेबल आहे.’ म्हणजे नाडी, रक्तदाब सध्या घसरत नाही. व्हेंटिलेटरवरचा पेशंटही स्टेबल असू शकतो. घरच्यांना ऐकू येई, ‘धोका टळला.’ कुणी निर्धास्त होऊन गावी परते आणि शेवटची भेट राहून जाई. म्हणून निवेदनात नुसतं ‘स्थिर’ नको, ‘धोका अजून आहे’ हेही हवं, असा माझा आग्रह असे. आणि बातमी आधी नातेवाइकांना, मग पत्रकारांना.

आपल्या बडोद्याला ही शिस्त जुनीच. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९३१ साली ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश निघाला. राजा मराठी, प्रजा बहुतेक गुजराती. हुकूम कळलाच नाही तर कारभार कसला? रुग्णालयाचंही तेच.

तेव्हा घरातलं कुणी ॲडमिट असलं तर ‘स्थिर’ ऐकून थांबू नका. सरळ विचारा, ‘डॉक्टर, म्हणजे धोका टळला का?’