शटर बसवताय? वॉरंटी बिलावर लिहून घ्या

गाळ्याला, ट्रॅक्टरच्या शेडला आता गावोगाव शटर बसतंय. बसवणारा म्हणतो, 'वर्षभर काही झालं तर मी आहे ना.' पण ते तोंडी. चार पैसे वाचतात म्हणून कच्ची चिठ्ठी घेतली की पुढे भांडायला हातात कागदच राहत नाही. पक्कं बिल घ्याच.

मोटारीचं शटर असेल तर मोटारीची वॉरंटी बहुतेक वेळा कंपनीची असते. पट्ट्या, स्प्रिंग आणि फिटिंग फॅब्रिकेटरकडे. दोन्हींची मुदत बिलावर वेगवेगळी लिहून घ्या. कार्डावरचा सिरीयल नंबर मोटारीवरच्या नंबराशी जुळतो का, हे मोटार खाली असतानाच बघा. एकदा वर चढली की शिडी कोण लावतो! दुकानाचा शिक्का आणि तारीखही हवी.

बारीक अक्षरातलं वाचा. व्होल्टेज कमी-जास्त होऊन जळालेली मोटार, गंज, दुसऱ्या मिस्त्रीने खोललेलं काम हे बऱ्याचदा वॉरंटीत धरत नाहीत. आपल्याकडची लाईट बघता पहिली अट जास्त नडते. 'पार्ट फ्री' असलं तरी मजुरी पडते का, तेही विचारा. स्प्रिंग स्वतः सोडू नका, ताणलेली असते, हात जायचा.

दाद दिली नाही तर व्हॉट्सॲपवर फोटोसह लेखी तक्रार करा, मग 1915 ला फोन लावा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे 2 वर्षांच्या आत जावं लागतं, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. स्वतः चालवून पोट भरतो अशा दुकानाचा मालकही कायद्याने ग्राहकच आहे.